पिंपातली बिअर आणि ‘छान’ म्हणणारी माणसं

नाव घेऊन झालं, टाळ आता मांडीवर ठेवा. आणि ते मागचे — हो, खांबाला टेकलेले — जरा पुढे सरका. तुम्ही सोडलात म्हणून खांब पडणार नाही!

मंडळी, ऐका. पूर्वरंगात मी म्हणालो की माणसाने गोड बोलावं. सगळ्यांच्या माना डोलल्या. गोड बोला म्हटलं की माना डोलतातच, त्याला कष्ट पडत नाहीत. आता आख्यानाला उलटा प्रश्न घेतो. कुणीतरी जीव लावून काहीतरी केलं, आणून तुमच्या पुढ्यात ठेवलं, आणि ते बिघडलंय. तुमच्या जिभेला कळलंय. करणारं माणूस समोर उभं आहे, तुमच्या तोंडाकडे बघतंय. अशा वेळी तुम्ही ‘छान’ म्हणालात — तर ती माया, की पळ काढणं?

बोला. कुणीच नाही? बरं, सोपं विचारतो. आत येताना दारात मालनकाकूंनी कैरीचं पन्हं दिलं ना? कसं होतं?

‘छान!’

बघा, एका सुरात. आरतीला एवढा सूर लागत नाही! मी अजून घेतलेलं नाही, माझं फुलपात्र इथे पेटीशेजारी झाकून ठेवलंय. घसा सुकला की घेईन. तुमचं ‘छान’ तेवढं लक्षात ठेवा.

तर आख्यान कुणाचं? राजाचं नाही, ऋषीचं नाही. आख्यान आहे बिअरचं!

दचकलात ना? ट्रस्टी मंडळी तर एकमेकांकडे बघायला लागली. चैत्रातला रामाचा उत्सव, आणि बुवा बिअर म्हणतात! अहो, तुम्हीच मला सांगितलंत, ‘बुवा, यंदा व्यसनावर काहीतरी घ्या.’ घेतो ना! मी ती चाखलेली नाही, चाखणारही नाही. पण गोष्ट मला त्या घरातल्यांनीच सांगितली, आणि चांगली गोष्ट कुठल्या पेल्यातून आली एवढ्यावरून मी ती सांडून देत नाही. आणि जे घेतात त्यांनी आत्ता खाली बघू नका. खाली बघितलं की मला इथून जास्तच कळतं.

नाशिकला, गाव संपून मळे सुरू होतात तिथे प्रमिलाबाई गायधनी राहतात. यजमान लवकर गेले. मुलगा एकच, हृषीकेश. बाईंची ख्याती लोणच्याची. कैरी त्यांनी चिरली, मोहरी त्यांनी फेसली आणि बरणी त्यांनी भरली की वर्ष उलटलं तरी फोड मऊ पडायची नाही. नातेवाईक लग्नाला नाही आले तरी लोणच्याला यायचे. आपले नातेवाईक, ओळखता तुम्ही!

हृषीकेश रसायनशास्त्र शिकला आणि नोकरीला बेल्जियमला गेला. आता तिकडची तऱ्हा ऐका. तिकडे मठातले ख्रिस्ती साधू प्रार्थना करतात आणि बिअरही करतात! थट्टा नाही, खरंच. आपल्याकडच्या मठांनी लगेच मनावर घेऊ नये, एवढीच विनंती. हृषीकेशला त्या बिअरचं वेड लागलं. पिण्याचं नाही, करण्याचं. नोकरी सोडून परत आला आणि आईला म्हणाला, “आई, मी इथे बिअरचा छोटा कारखाना काढतोय. त्यांच्या पद्धतीची.”

प्रमिलाबाई ताटावरून उठल्या, हात धुतला. संपलं. मळ्याच्या कडेला शेड उभी राहिली, परवाने आले, टाक्या आल्या, पण आई काही त्या शेडची पायरी चढली नाही. बायका विचारायच्या, “मुलगा काय करतो हो हल्ली?” या म्हणायच्या, “धान्याचं काहीतरी आहे.” आणि मंडळी, खोटं कुठे होतं? बार्ली धान्यच आहे! मोदक म्हणजे नारळाचं काहीतरी असतं, तसंच हे.

घरात दोघंच, आणि दोघांत ही शेड. जेवायला एकत्र बसायचे, मीठ-भाजी एकमेकांना वाढायचे, पण बोलणं पाऊसपाण्याच्या पुढे जायचं नाही. असं घर कुणाचं असेल तर ते जाणतील. भांडण झालं तर मिटतं तरी. हे मिटवायचं कसं, भांडणच नाही ना!

मग हृषीकेशने जुनी पिंपं आणली. कसली? ओक लाकडाची. आपल्याकडे जसं सागवान, तसं तिकडे ओक. वाइनवाल्यांनी वापरून काढून टाकलेली पिंपं होती ती. बेल्जियमला अशा पिंपात बिअर वर्षभर ठेवून देतात. लाकडाचा गुण उतरतो, थोडी आंबूस होते, मुरते. पिंपं अंगणात उतरवताना आईने खिडकीतून पाहिलं. हृषीकेशने ते पाहिलं. आणि त्या दिवशी त्या मुलाला बुद्धी झाली, मंडळी. तो खिडकीपाशी गेला आणि म्हणाला, “आई, तुझं काय आणि माझं काय, मुरवणंच आहे. तू बरणीत मुरवतेस, मी लाकडात. घाई केली की दोन्ही नासतं.”

एवढंच. वाद नाही, व्याख्यान नाही. प्रमिलाबाई खिडकीतून हलल्या नाहीत, पण ‘मुरवणं’ हा शब्द त्यांच्या आत जाऊन बसला. मुरवणं म्हणजे त्यांचा प्रांत! त्यात त्यांना परकं काय असणार?

दुसऱ्या दिवशी हृषीकेश यीस्ट आणायला पुण्याला गेला. पहिलं पिंप संध्याकाळी भरायचं होतं. आणि प्रमिलाबाई, पदर खोचून, पहिल्यांदा ती पायरी चढल्या. हातात काय? पळीत लाल निखारा, आणि पदराच्या गाठीला हिंगाचा खडा.

बायका हसल्या! कळलं त्यांना. पुरुष बसलेत गोरेमोरे. अहो, घरात लोणचं खाता ना रोज? बरणी भरण्याआधी तिला काय देतात? हिंगाची धुरी! निखाऱ्यावर हिंग टाकायचा, बरणी त्यावर पालथी धरायची, धूर आत कोंडायचा. बुरशी धरत नाही, लोणचं टिकतं. आजीने आईला दाखवलं, आईने हिला. मुरवायचं भांडं आणि धुरी नाही? शक्यच नाही. बाईंनी पिंपाच्या भोकाखाली पळी धरली, धूर आत सोडला, बूच लावलं, हात झटकले आणि घरी आल्या. मुलाला सांगितलं? नाही सांगितलं. अहो, स्वयंपाकाआधी हात धुतले हे कुणी सांगत बसतं का?

आता हे नीट धरा, कारण सगळा जीव इथेच आहे. ती हिंगाची धुरी नव्हती. ती आईची संमती होती. तोंडाने जे म्हणता येईना ते तिने धुराने म्हटलं. आणि बरणी असते चिनी मातीची, धूर धुऊन जातो. लाकूड धूर पितं! संध्याकाळी हृषीकेशने पिंप भरलं, तेव्हा जुन्या वाइनच्या वासाखाली हिंग लपून राहिला. हिंग त्या पिंपात मुरला, आणि हिंगात बिअर मुरली. एक पाडवा गेला, दुसरा पाडवा आला.

पाडव्याच्या दुपारी पिंप उघडायचं ठरलं. हृषीकेशने दोन जाणकार बोलावले. एक यशोधन पटवर्धन, बिअरवर लिहिणारे, पुण्याचे. पुण्याचे म्हणजे मत घरूनच घेऊन आलेले! दुसरे नाशिकचेच हॉटेलवाले कोठावदे शेठ. आणि दाराशी चकल्यांचं ताट घेऊन प्रमिलाबाई. शेडच्या आत यायची ही दुसरी वेळ. मुलाच्या लेखी पहिलीच. तोंडावर आणलं नाही त्याने, पेले भरत राहिला.

पटवर्धनांनी पेला उजेडाला धरला. रंग तांबूस, जुन्या तांब्यासारखा. गोल फिरवला. नाक घातलं. आणि थांबले.

मंडळी, नाक खोटं बोलत नाही. त्या माणसाच्या नाकाला त्याच क्षणी कळलं की हा हिंग आहे. घरी आमटी होते की! सदाशिव पेठेतल्या आमटीत काय केशर घालतात? पण डोकं म्हणालं, छे, ओकमध्ये मुरलेल्या बेल्जियन बिअरला हिंगाचा वास कसा येईल? आपलंच काहीतरी चुकतंय. आणि मग त्यांनी जे शब्द काढले, ते ऐका. म्हणाले, “अं... मातीचा गंध आहे. जुनं चामडं. थोडी घोड्याच्या पाठीवरची घोंगडी.”

घोंगडी! घोड्याची! आणि हे कौतुक बरं का! त्या जातीच्या बिअरला तबेल्याचा वास आला की जाणकार डोळे मिटून घेतात म्हणे. आमच्या घरी दुधाला तबेल्याचा वास आला तर दूधवाल्याचे डोळे मिटायची वेळ येते. पण असेल बाबा, ज्याची त्याची चव. माझा राग घोंगडीवर नाही. ज्याला हिंग कळला तो घोंगडी का म्हणाला, यावर आहे!

कोठावदे शेठनी घोट घेतला. त्यांच्या मनात आलं, ‘ही तर थंड आमटी.’ अगदी हेच शब्द, मागून त्यांनीच सांगितले. पण पुण्याहून आलेला माणूस घोंगडी म्हणतोय, तिथे आपण आमटी म्हणायचं? म्हणाले, “वेगळीच आहे. एकदम वेगळी. असं कधी प्यायलो नाही.” खरंच बोलले ते. कोण पिणार?

राहिला हृषीकेश. त्याने चाखली. आणि त्याला तर नुसता वास नाही, अख्खं घर आठवलं. शाळेतून आल्यावर दारातच येणारा फोडणीचा वास. बिघडलंय हे कळलं. पण पाहुणे माना डोलवतायत, आणि दाराशी आई उभी आहे. पहिल्यांदा.

“कशी झालीय रे?” आईने विचारलं.

आणि लेक म्हणाला, “छान झालीय, आई.”

थांबा जरा. माझा घसा सुकला. ते पन्हं द्या इकडे, गजाननराव. तुम्ही पेटीवर सूर धरून ठेवा, मी घोटभर घेतो.

...

हं.

काही नाही. पुढे ऐका. गजाननराव, माझ्या तोंडाकडे बघू नका, सूर धरा.

तर ‘छान’ म्हणाला. वर्षभर ज्याने त्या पिंपाची पोरासारखी काळजी घेतली, ज्याची अख्खी पत त्या पेल्यात होती, तो ‘छान’ म्हणाला! का? आईला दुखवायचं नाही. पाहुण्यांपुढे हसं करून घ्यायचं नाही. अरे, पण मग पुढे काय? पुढे हे. आईचा चेहरा उजळला. म्हणाली, “मग बाकीच्या पिंपांनाही आत्ताच देऊन टाकते. उद्या भरायचीयत ना ती?”

“काय देतेस?”

“धुरी. हिंगाची. पहिल्याला मीच दिली होती, तू पुण्याला गेला होतास तेव्हा.”

आता कळलं! चोर सापडला. भिंतीशी रिकामी पिंपं उभी आहेत, उद्या ती भरायची आहेत, आणि आई घरात निखारा आणायला वळली आहे. एक शब्द बोलायचा. एकच. ‘थांब.’ हा काय म्हणाला असेल?

म्हणाला, “बरं.”

बरं! अहो, बरं? घर जळत असेल आणि कुणी रॉकेल आणू का विचारलं, तर बरं म्हणाल? मला तर ही गोष्ट सांगताना दर वेळी वाटतं की उठून त्या शेडमध्ये जावं आणि त्या मुलाचा कान धरावा. तुम्ही हसता. तुम्ही तिथे असतात तर तुम्हीही ‘बरं’ म्हणाला असतात, आणि वर म्हणाला असतात, ‘जाऊ द्या, म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडा.’

पण आई ती आई. दोन पावलं गेली आणि थांबली. ‘बरं’ कुठल्या पट्टीत आलं हे तिला कळणार नाही? परत फिरली. चकल्यांचं ताट खाली ठेवलं. मुलाच्या हातातला पेला घेतला. प्यायली नाही, तो तिचा नेम. नुसता नाकाशी नेला.

“हिंग येतोय,” ती म्हणाली.

पेला तिने पटवर्धनांपुढे धरला.

“पटवर्धन, तुम्हाला नाही आला?”

पटवर्धन म्हणाले, “आला होता, काकू. पण वाटलं, माझंच चुकत असेल.”

“आणि तुम्हाला, शेठ?”

“आला ना वहिनी. पण हे हिंग म्हणाले नाहीत, मग मी कशाला...”

मग तिने मुलाकडे पाहिलं. विचारलं नाही. तोच म्हणाला, “पहिल्या घोटाला कळलं, आई.”

मंडळी, शेडमध्ये चार नाकं, चारही नाकांना हिंग कळलेला, आणि खरं बोललं ते एकच, जे पीत नाही! यात बाई फार मोठी जाणकार, असं काही नाही. कळलं सगळ्यांनाच. बोलायची तयारी एकीची.

प्रमिलाबाई रडल्या असतील, असं तुम्हाला वाटतं. नाही. खवळल्या. हिंगावर नाही! म्हणाल्या, “हृषी, तू सातवीत होतास तेव्हा माझं लोणचं खारट झालं होतं. घरात एकटा तू म्हणालास, ‘आई, खारट झालंय.’ मी तुला रागावले, आणि मग मीठ कमी केलं. त्यानंतर माझं लोणचं नावाजलं गेलं, ते त्यामुळे. तो खारट म्हणणारा मुलगा माझा होता. तो परदेशी गेला, आणि हा छान म्हणणारा पाहुणा परत आला.”

पाहुणा! या शब्दावर तो मुलगा जो बसला खाली, एका उपड्या बादलीवर. इतकी वर्षं आपण आईला जपतोय असं त्याला वाटत होतं. आणि आई म्हणत होती, तू मला परकं केलंस. मीठ-भाजी वाढत होतास, खरं वाढत नव्हतास. तुझं बिअर करणं मला आवडलं नाही, हे मी सांगितलं नाही. तुला ते खुपलं, हे तू सांगितलं नाहीस. दोघांनी मिळून दोन वर्षं ‘छान’ खाल्लं.

मग तो बोलला. उशिरा, पण बोलला. “आई, पिंप वाया गेलं. सगळं. लाकडातून हिंग कधीच जाणार नाही.”

“हं,” ती म्हणाली. “मग वाया गेलं असं म्हण ना. बाकीच्यांना धुरी देत नाही मी.”

“द्यावी लागेल,” तो म्हणाला.

“काय?”

“धुरी लागते, आई. रिकाम्या पिंपाला तिकडेही धुरी देतात, बुरशी धरू नये म्हणून. फक्त गंधकाची.”

बाईंनी कमरेवर हात ठेवले. काय सांगू तुम्हाला! म्हणाल्या, “म्हणजे रीत बरोबर होती माझी. जिन्नस चुकला. एवढं एक वाक्य तू मला वर्षापूर्वी सांगितलं असतंस, तर?”

तर काय! पिंप वाचलं असतं. पण मुलाला म्हणे त्या पिंपाचं दुःखच झालं नाही. त्या दिवशी दोघांनी मिळून उरलेल्या पिंपांना गंधकाची धुरी दिली. आई खोकत होती आणि सूचना करत होती. ती हिंगाची बिअर मोरीत ओतली. कोठावदे शेठ म्हणत होते, “थोडी ठेवा, भज्यांबरोबर चालेल.” त्यांना पहिल्यांदा कुणी खरं सांगितलं. “नाही चालणार,” पटवर्धन म्हणाले. सुधारले बिचारे!

आता बाई शेजारणींना काय सांगतात ठाऊक आहे? “मुलगा बिअर करतो. मला आवडत नाही. पण चांगली करतो.” किती सोपं आहे! तीन वाक्यं, आणि एकही छान नाही त्यात.

म्हणून म्हणतो,

जिभेने जाणिलें, ओठांनी झाकिलें,
माणूस राखिलें? नाही, गेलें.

हे कुठल्या संताचं नाही, पोथ्यांत शोधू नका. आज सकाळी अंघोळीच्या वेळी मीच जुळवलं. वाईट असेल तर वाईट म्हणा. म्हणाल का? नाही! खाली उतरलो की पाया पडून म्हणाल, ‘बुवा, फार रसाळ झालं.’ घोरत होतात तरी म्हणाल!

टाळ घेऊ नका इतक्यात. संपलेलं नाही.

पन्हं कसं होतं?

का? मघाशी एका सुरात बोललात. आता काय झालं? मी इथून सगळं बघत होतो. मालनकाकू फुलपात्र देताना एकेकाला विचारत होत्या, ‘कसं झालंय?’ आणि तुम्ही तोंडं वाकडी करून, डोळे गच्च मिटून म्हणत होतात, ‘वा!’ मला वाटलं, भक्तीने मिटलेत. तुळशीच्या कट्ट्यामागे कुणी फुलपात्र ओतलं? हात वर नका करू, तुळशीला माहीत आहे.

मालनकाकू, तुम्ही मान खाली घालू नका. तुमचा दोष कणभर नाही. पहाटेपासून कैऱ्या उकडत होतात तुम्ही एकट्या. हात आहे, चुकतो. दोष या भरल्या मंडपाचा आहे, ज्याने तुम्हाला एकटं पाडलं. आत दुसरं पातेलं भरलेलं आहे. बाहेरगावचे लोक यायचे आहेत. त्यांनाही हेच जाणार. एक माणूस बोललं असतं तर?

मी सांगू शकतो. मी नाही सांगणार. मी उद्या दुसऱ्या गावाला जाणार, मी पाहुणा. घरचं माणूस कोण आहे इथे?

...

कोण? जरा मोठ्याने. बायकांच्या बाजूने... काकूंची सूनबाई का?

‘आई, आंबट आहे. गूळ राहिलाय घालायचा.’

हं! अख्ख्या मंडपात एक निघाली. आणि आता काकूंकडे बघा. रडल्या? मोडलं मन? हसतायत! काय म्हणतायत? ‘मग मघाशी का नाही बोललीस गं?’ प्रमिलाबाईंनीही हेच विचारलं होतं, मंडळी. सगळ्या आया हेच विचारतात, आणि आपण मात्र त्यांना जपत बसतो.

उठा सूनबाई. कोठीत गुळाची ढेप आहे. सासूला सोबत घ्या, दोघी मिळून पातेलं ढवळा, आणि तिथेच चाखून एकमेकींना खरं काय ते सांगा. आम्ही बसलोय. निरांजन तेवतंय, देव कुठे जात नाही. आधी गूळ पडू दे, मग आरती.